एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट : काम लहान, जबाबदारी मोठी

जुन्या डिझेल जीपा रस्त्यावरून हळूहळू कमी होत चालल्या आहेत हे खरे. परंतु ज्यांच्याकडे त्या आहेत, त्यांची रोजी अजून त्यांच्यावर चालते. आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणारे, डोंगराळ गावांत किराणा पोचवणारे, विहिरीच्या आणि बांधकामाच्या कामावर माणसे व सामान वाहणारे असे कितीतरी लोक महिंद्राची जुनी चारही चाके ओढणारी गाडी सांभाळून आहेत. चिखलात, नदीच्या वाळूत आणि घाटाच्या कच्च्या वाटेवर ती उपयोगी पडते, हे त्याचे कारण.

यांपैकी एमएम ५४० आणि तिच्या बरोबरीच्या बऱ्याच गाड्यांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आहे. चार सिलिंडर, २११२ सीसी. महिंद्राने १९७९ साली त्याचा परवाना घेतला आणि ही इंजिने आपल्या नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या कारखान्यात तयार झाली. इंजिन मजबूत, यात वाद नाही. पण वय झाले की त्याचेही सांधे बोलू लागतात, आणि त्यांतला नेहमी बोलणारा सांधा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट.

आम्ही कापडाच्या व्यापारातले; पाना हातात धरणे हा आमचा धंदा नव्हे. परंतु धंद्यासाठी गाडी ठेवणाऱ्याला तिचे दुखणे कळले पाहिजे. शिवाय आमच्या वाचकांत गॅरेज चालवणारे, लेथवर बसणारे आणि सुटे भाग विकणारे बंधू पुष्कळ आहेत. या एका पातळ पट्टीवरून गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यात जितके वाद होतात, तितके मोठ्या कामावरूनही होत नाहीत. म्हणून कामाची माहिती आणि त्यातला व्यवहार, दोन्ही येथे मांडीत आहोत.

ही पट्टी करते काय?

सिलिंडरमध्ये डिझेल जळाल्यानंतर जो धूर निघतो, तो इंजिनच्या हेडमधून बाहेर पडून एका बिडाच्या जाड नळीत गोळा होतो. हीच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तिच्या पुढे सायलेन्सरची नळी जोडलेली असते. हेड आणि मॅनिफोल्ड हे दोन्ही धातूचे. त्यांची तोंडे कितीही घासली तरी हवाबंद बसत नाहीत. म्हणून मध्ये गॅस्केट घालतात आणि स्टड व नटांनी आवळतात.

हे गॅस्केट खराब का होते, ते कापडवाल्यांना चटकन समजेल. सदऱ्याच्या कॉलरमध्ये वरचे कापड एक आणि आतले अस्तर दुसरे असते. धुतल्यावर एक जास्त आटले आणि दुसरे कमी, तर शिवण कितीही पक्की असो, कॉलरला सुरकुती पडतेच. इथेही तोच प्रकार आहे, फक्त आटण्याऐवजी फुगणे आहे. दीड फूट लांबीची बिडाची वस्तू ४०० अंश सेल्सिअसने तापली तर जवळजवळ दोन मिलिमीटर लांब होते. हेड मात्र पाण्याने थंड राहते, म्हणून ते तेवढे वाढत नाही. गाडी चालू केली की मॅनिफोल्ड पसरते, बंद केली की आखडते. रोजच्या या ओढाताणीत गॅस्केट घासले जाते आणि दोन टोकांचे स्टड आधी थकतात.

यात आणखी दोन कारणांची भर पडते. एक, सायलेन्सरचे रबरी हँगर तुटलेले असतात आणि नळी तारेने बांधलेली असते. मग तिचा सगळा भार आणि हादरा मॅनिफोल्डवर येतो. इंजिनचे माउंटिंग बसलेले असले तरी हेच होते. दुसरे, तापलेली गाडी नदीच्या किंवा नाल्याच्या पाण्यात घालणे. लाल होण्याच्या बेतात असलेल्या बिडावर थंड पाणी पडले की ते वाकते, कधी तडकतेही. ही कारणे तशीच ठेवून नुसते गॅस्केट बदलले तर सहा महिन्यांत पुन्हा तेच काम निघते, आणि दोष विनाकारण गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो.

खूण ओळखावी कशी?

सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिकटिक किंवा फटफट असा आवाज येतो, चढावर किंवा मालाच्या वजनाखाली वाढतो आणि इंजिन तापल्यावर पुष्कळदा कमी होतो. तापल्यावर धातू फुगून फट थोडी बुजते, म्हणून असे होते. बॉनेट उघडून पाहिले तर सांध्याजवळ काळ्या काजळीची रेघ दिसते. ही रेघ सर्वांत भरवशाची साक्षीदार.

मात्र प्रत्येक टिकटिक गॅस्केटची नसते. टॅपेट सैल झाले तरी तसाच आवाज येतो. इंजेक्टरच्या खालचा वॉशर गळू लागला तरी फुसफुस ऐकू येते, आणि काजळी मग इंजेक्टरभोवती जमते. खात्री करण्यासाठी दीड हात रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे सांध्याच्या बाजूने, धातूला न टेकवता, सावकाश फिरवावे. गळतीच्या जागी आवाज स्पष्ट वाढतो. फिरणाऱ्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बाही व हात दूर ठेवावा. इंजिन पूर्ण थंड असताना सांध्यावर साबणाचे पाणी लावून, सायलेन्सरच्या मागच्या तोंडातून हलका वारा सोडला तरी बुडबुडे जागा दाखवून देतात. खोलण्यापूर्वीची ही दहा मिनिटांची तपासणी पुढचा दिवसभराचा खर्च वाचवू शकते.

चालते तोवर चालू द्यावे का?

पुष्कळ मालक म्हणतात की गाडी ओढते आहे, आवाज करते तर करू दे. टर्बो नसलेल्या या जुन्या इंजिनात छोट्या गळतीने ताकद किंवा अॅव्हरेज फारसे घटत नाही, हे आम्हीही मान्य करतो. जो मिस्त्री गॅस्केट बदलल्याने डिझेलची मोठी बचत होईल असे सांगतो, त्याने ते सांगू नये. खरे कारण पुरेसे आहे. खोट्याची जोड कशाला?

खरे कारण असे की हा धूर बॉनेटखाली पसरतो आणि जुन्या जीपच्या फ्लोअरच्या भोकांतून, पेडलच्या फटींतून आत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. गाडीत ड्रायव्हर दिवसभर बसतो, कधी त्याच्या शेजारी मालकाचे मूलही बसते. दुसरे म्हणजे या गरम झोताने जवळची वायर जळते, डिझेलची नळी कडक होऊन तडकते, आणि आगीचे निमित्त तयार होते. तिसरे, झोत एकाच जागेवरून सतत जात राहिला तर तेथे धातूला चर पडतो. मग गॅस्केटचे काम हेडचे काम होऊन बसते.

पीयूसीचे प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तेथे धूर मागच्या नळीच्या तोंडाशी तपासला जातो. पुढे इंजिनपाशी काय गळते आहे हे त्या कागदावर येत नाही.

खोलण्याचे काम : घाई नको

या कामात गॅस्केट काढायला मिनिट लागते. कस लागतो तो नट सोडवताना. वर्षानुवर्षे तापून आणि गंजून नट व स्टड एकजीव झालेले असतात. चांगला कारागीर गाडी आदल्या संध्याकाळी बोलावतो. प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल टाकतो, रात्रभर ठेवतो, सकाळी पुन्हा टाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून ठेवतो. एअर क्लीनरची नळी आणि आड येणारे ब्रॅकेट बाजूला घेतो. सायलेन्सरची पुढची नळी सोडवतो आणि तिला आधार देतो.

नटासाठी सहा कोनांचा गोटी पाना वापरावा. बारा कोनांचा पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. नट फिरेना तर लांब पाइप लावून जोर करणे हा उपाय नव्हे. किंचित आवळावे, किंचित सोडावे, तेल टाकावे, पुन्हा आवळावे. असे पाव-पाव फेऱ्यांनी काम चालते. तरीही न सुटल्यास गॅसच्या ज्योतीने नट तापवावा. नट फुगला की पकड सुटते. पण त्यापूर्वी डिझेलच्या नळ्या बाजूला करून ओल्या फडक्याने झाकाव्या आणि आग विझवायचे साधन हाताशी ठेवावे.

इतके करूनही स्टड तुटू शकतो, आणि यात कारागिराची चूक असतेच असे नाही. तुटलेला तुकडा वर राहिला असेल तर त्यावर नवा नट बसवून आतून वेल्डिंग करतात. त्या उष्णतेने पकड सैल होते आणि तुकडा नटासह फिरून निघतो. सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यबिंदूवर खूण करून ड्रिल घालावे लागते. ड्रिल जरा तिरके गेले तर हेडचे आटे बिघडतात. हेड बिडाचे आहे की अॅल्युमिनियमचे, हे चुंबक लावून आधीच पाहावे. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, आणि तो धातू मऊ असल्याने तेथे हात दुप्पट जपून चालवावा लागतो. आटे गेलेच तर हेलिकॉइल बसवून भोक दुरुस्त करता येते. जाडा बोल्ट ठोकून बसवणे म्हणजे पुढच्या कारागिरासाठी खड्डा खणून ठेवणे होय.

मॅनिफोल्ड निघाल्यावर हेडची उघडी तोंडे स्वच्छ फडक्याने बंद करावी. येथे कापडवाल्याचा एक सल्ला ऐकावा. सुते सुटणारी चिंधी वापरू नये, आणि किती फडकी घातली ते मोजून ठेवावे. घातली तितकी निघाली की नाही, हे पाहिल्याशिवाय इंजिन जोडू नये. विसरलेले एक फडके किंवा आत पडलेला एक वॉशर इंजिनचे जे नुकसान करील, ते कोणत्याही मजुरीतून भरून निघणार नाही.

तोंड सपाट तर काम पक्के

जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे पितळी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे, ग्राइंडर मारू नये. कारागीर बंधूंना येथे आग्रहाने सांगावेसे वाटते की जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्याचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून गॅस्केट पाण्याने ओले करून खरवडावे, तोंडाला चांगला मास्क बांधावा, कॉम्प्रेसरची हवा मारू नये, आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करावा. शागीर्द पोरांना त्या धुळीत बसवू नये. त्यांचे फुप्फुसही आपल्याकडे अमानत आहे.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि काम टिकते की नाही हे तीच ठरवते. मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेज घालून पाहावे. वाकलेल्या मॅनिफोल्डच्या मध्ये किंवा टोकाला उजेड दिसतो. किती फट चालते हे त्या इंजिनच्या पुस्तकात दिलेले असते. त्याहून जास्त असेल तर मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे किंवा सरफेस ग्राइंडिंगला पाठवावे. सगळी तोंडे एकाच पातळीत आणावी, एकेक वेगळे घासू नये. हलक्या हातोडीने ठोकून आवाजही ऐकावा. चांगले बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. तडकलेल्या बिडाचे वेल्डिंग नीट तापवून, निकेलच्या रॉडने, जाणकारानेच करावे. ते जमत नसेल तर दुसरे मॅनिफोल्ड घेणे बरे. जुने घेतानाही हीच पट्टी आणि हीच हातोडी बरोबर न्यावी, आणि विकणाऱ्याने तडा असेल तर तो स्वतः दाखवावा.

बसवताना

नवे गॅस्केट आधी हेडवर धरून पाहावे. सर्व तोंडे आणि भोके जुळली पाहिजेत. तोंडाच्या आत गॅस्केटची कड येता कामा नये. दोन गॅस्केट एकावर एक घालून वाकलेपणा लपवू नये. साधे सिलिकॉन लावून फट भरू नये, कारण या उष्णतेत ते जळते आणि दोन-चार आठवड्यांत आवाज परत येतो. स्टड, नट आणि वॉशर शक्यतो नवे घालावे आणि आट्यांना उष्णता सोसणारे अँटी-सीझ वंगण लावावे, म्हणजे पुढच्या वेळी ते सुटतील. सायलेन्सरच्या नळीचे गॅस्केटही त्याच वेळी बदलावे.

सर्व नट आधी हाताने बसवावे. मग मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापापर्यंत आवळावे. जोरात आवळले की पक्के बसते, ही समजूत चुकीची आहे. प्रमाणाबाहेर आवळलेला स्टड पुढच्या तापण्यात तुटतो. हँगर आणि माउंटिंग दुरुस्त करावे. गाडी सुरू करून चांगली तापू द्यावी, पूर्ण थंड होऊ द्यावी आणि गॅस्केटच्या प्रकाराप्रमाणे सांगितले असेल तर पुन्हा आवळून पाहावे. काही दिवस चालल्यावर काजळीची रेघ परत येते का, हे मालकाने स्वतः तपासावे.

हिशेब कोणाचा?

आता व्यवहाराचे बोलू. या कामात गॅस्केटची किंमत सर्वांत कमी, मजुरी त्याहून बरीच जास्त, आणि स्टड तुटला किंवा मॅनिफोल्ड घासावे लागले तर खर्च कोठे जाईल हे खोलल्याशिवाय कळत नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात गॅस्केटची किंमत असते, मिस्त्रीच्या डोक्यात दिवसभराची मेहनत असते. वादाचे मूळ या ठिकाणी आहे.

हनफी फिक्हमध्ये अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिराला अजीर-ए-मुश्तरक म्हणतात. 'हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथात त्याच्या जबाबदारीच्या चर्चेत कापड धुणाऱ्याचे उदाहरण येते : आपटताना त्याच्या हातून कापड फाटले तर भरपाई त्याच्यावर येते. इमाम शाफई यांचे मत यात वेगळे आहे. गंजून गेलेला स्टड हा आधीच विरलेल्या कापडासारखा आहे. त्याचा हुकूम काय, हे आम्ही सांगणार नाही. तो उलेमांचा अधिकार आहे. व्यापारी म्हणून आम्ही इतकेच म्हणू की तुटल्यावर भांडण्यापेक्षा खोलण्यापूर्वी ठरवावे.

कसे ठरवावे? कारागिराने एका कागदावर तीन ओळी लिहाव्या. नट सरळ सुटले तर इतके. स्टड तुटला तर प्रत्येक स्टडमागे इतके. मॅनिफोल्ड घासावे लागले तर लेथवाल्याची पावती वेगळी. दोघांनी सही करावी. कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. आम्ही दुकानात उधारीच्या वहीबद्दल ती पाळतो, मग गॅरेजमध्ये का पाळू नये? लिहिण्यात अविश्वास नसतो. लिहिल्याने दोघांची इज्जत राखली जाते.

कारागिराने काढलेले जुने गॅस्केट आणि तुटलेले स्टड मालकाला दाखवावे. हदीसमधला धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि त्यांनी विक्रेत्याला ओले धान्य वर ठेवण्यास सांगितले. दोन धातूंच्या मध्ये दडलेले हे गॅस्केट त्या ढिगाच्या आतल्या धान्यासारखेच आहे. तेथे सिलिकॉन भरले की पट्टी धरून तोंड सरळ केले, हे गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच ती अमानत.

गिऱ्हाइकाचेही कर्तव्य आहे. सर्वांत स्वस्त बोली करणाऱ्याकडे गाडी टाकायची, संध्याकाळपर्यंत द्या म्हणून डोक्यावर बसायचे, आणि काम झाल्यावर मजुरी पुढच्या बाजारावर ढकलायची, ही रीत आपल्या व्यापाऱ्यांत कमी नाही. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी उजरत द्यावी, ही शिकवण सभेत ऐकायला सर्वांना आवडते. ती गॅरेजच्या दारातही आठवावी. ज्याने रात्रभर तेल मुरवून आठही नट शाबूत काढले, त्याच्या हातून काहीच तुटले नाही म्हणून त्याची मजुरी कापू नये. न तुटणे हेच त्याचे हुनर आहे आणि पैसे त्याचेच द्यायचे असतात.

वाचक बंधूंना आमची एवढीच विनंती आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी उद्या सकाळी थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटे कान द्यावा आणि बॉनेटखाली काजळीची रेघ पाहावी. रेघ दिसली तर घाट चढण्यापूर्वी मिस्त्रीकडे जावे, दर आधी लिहून घ्यावा आणि काम नीट करायला त्याला पूर्ण दिवस द्यावा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.